सांबर शिंगं टाकतं, काळवीट टाकत नाही

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

भोरला मी शाळेत शास्त्र शिकवत होतो. प्राण्यांचा धडा आला की एक प्रश्न वर्गातून हमखास यायचा. विचारणारा मुलगा बहुधा हिर्डोशी खोऱ्यातला, नाहीतर वेल्ह्याकडून शिकायला आलेला असायचा आणि त्याच्या घरी शेळ्या असायच्या. "गुरुजी, आमच्या बोकडाचं शिंग मोडलं, ते काही परत आलं नाही. मग सांबराला दरसाल नवं शिंग कसं येतं?"

प्रश्न लहान असला तरी पोराची नजर पक्की होती. रानात पडलेलं सांबराचं शिंग त्यानं कधीतरी पाहिलेलं असायचं, आणि बोकड तर रोजचाच. या एका प्रश्नात प्राण्यांच्या दोन मोठ्या घराण्यांची वाटणी दडलेली आहे. ती वाटणी समजून घेतली, तर भोर-वेल्ह्याच्या डोंगरापासून आफ्रिकेच्या माळरानापर्यंत दिसणारा प्रत्येक 'हरीण' नावाचा प्राणी आपल्याला ओळखता येतो. एवढंच नव्हे, तर त्याच्याशी कसं वागावं हेही कळतं. आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

आपल्या बोलण्यात 'हरीण' हा शब्द फार सैल झाला आहे. ठिपक्यांचं चितळ हे हरीण, काळवीटही हरीण, भेकरही हरीण आणि टीव्हीवर चित्ता ज्याच्या मागं धावतो, तेही हरीणच. जाणकार मंडळी मात्र मराठीत दोन वेगळे शब्द वापरतात: सारंग आणि कुरंग. सांबर, चितळ, भेकर हे सारंग. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय हे कुरंग. आता गंमत बघा. कुरंगांचं कुळ आणि गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांचं कुळ एकच आहे. म्हणजे नात्यानं पाहिलं तर काळवीट हे सांबरापेक्षा आपल्या गोठ्यातल्या शेळीला जास्त जवळचं. नीलगाईच्या नावात 'गाय' आहे, ती उगीच नव्हे.

शिंगाचा फरक इथूनच सुरू होतो. सारंगाचं शिंग म्हणजे निव्वळ हाड. ते फक्त नराला येतं, त्याला बहुधा फाटे फुटतात आणि ठरावीक काळानं ते बुडातून गळून पडतं. मग नवं शिंग उगवतं. वाढत असताना त्यावर मखमलीसारखी मऊ कातडी असते, तिच्यातून रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की रक्त थांबतं, कातडी सुकते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून काढतो. सालं सोललेले असे बुंधे सांबराच्या रानात दिसतात. प्राण्यांच्या शरीरात इतक्या वेगानं वाढणारा अवयव दुसरा क्वचितच असेल. गळलेली शिंगं रानात फार दिवस टिकत नाहीत, कारण साळिंदर ती कुरतडतं. त्यातला चुना त्याला हवा असतो.

कुरंगाचं शिंग बोकडासारखं. आत कवटीतून निघालेला हाडाचा गाभा आणि वर त्याची खोळ. ही खोळ आपली नखं ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याची असते. या शिंगाला फाटे फुटत नाहीत, ते गळत नाही आणि जन्मभर वाढत राहतं. मोडलं तर मोडलं. म्हणून बोकडाचं शिंग परत येत नाही आणि काळविटाचंही येत नाही. काळविटाची शिंगं स्क्रूसारखी पीळदार असतात आणि ती ७० सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतात. एका शिंगासाठी जन्म घालवावा लागतो म्हणा ना!

शिंगं कुणाला, हाही एक धडा आहे. सारंगांमध्ये मादीला शिंगं नसतात, अपवाद फक्त उत्तर ध्रुवाकडच्या रेनडिअरचा. कुरंगांत मात्र ठरावीक नियम नाही. चिंकाऱ्याच्या मादीला लहान का होईना शिंगं असतात, काळविटाच्या मादीला सहसा नसतात. चौशिंग्याच्या नराला तर चार असतात: दोन मागं मोठी, दोन पुढं कपाळावर बोटाच्या पेराएवढी. रानटी सस्तन प्राण्यांत चार शिंगांचा हा एकटाच, आणि तो भारत व नेपाळ सोडून जगात कुठंही नाही. आपल्या राज्यात मेळघाट, ताडोबा, नागझिरा या भागांत तो आहे. उंची जेमतेम ६० सेंटिमीटर, वजन वीस किलोच्या आसपास.

मादीला शिंगं कधी असतात, याचा अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा एक गोष्ट पुढं आली. जी जात उघड्या माळावर राहते आणि अंगानं मोठी असल्यामुळं लपू शकत नाही, तिच्या माद्यांना शिंगं असण्याचं प्रमाण जास्त. जी झुडपात लपून राहते, तिच्या माद्यांना शिंगांची गरज कमी. म्हणजे शिंगाकडं बघता बघता आपण जमिनीकडं आलो. माझ्या मते हरणांच्या सगळ्या विषयाची किल्ली हीच आहे. शिंगावरून घराणं कळतं आणि जमिनीवरून स्वभाव कळतो.

हे नीट बघायचं तर आफ्रिकेकडं वळायला हवं. कारण कुरंगांचा सगळ्यात मोठा गोतावळा तिथं नांदतो. भारतात कुरंगांच्या जाती सहा: आपल्याकडचे चार आणि हिमालयापलीकडच्या थंड पठारावरचे दोन. आफ्रिकेत त्या सत्तरच्या वर आहेत. उलट सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला मूळचा सारंग एकही नाही. टीव्हीवर आफ्रिकेच्या जंगलात जे जे 'हरीण' दिसतं, ते सगळं कुरंगच. त्यातला सर्वांत छोटा, पश्चिम आफ्रिकेतला रॉयल अँटिलोप, खांद्यापाशी फक्त २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे आपल्या सशापेक्षा फार मोठा नाही. सर्वांत मोठा ईलंड, त्याचा नर ९०० किलोपर्यंत भरतो. चांगल्या पोसलेल्या रेड्यापेक्षाही जड.

एकाच कुळात इतका फरक कसा? याचं एक सुरेख उत्तर पीटर जार्मन या शास्त्रज्ञानं १९७४ साली मांडलं. ते समजायला आपलं घरचंच उदाहरण घेऊ. लहान जनावराला एकूण चारा कमी लागतो, पण अंगाच्या मानानं त्याची भट्टी जोरात पेटलेली असते. म्हणून त्याला कसदार खाणं हवं: कोवळे कोंब, कळ्या, फळं. अशा गोष्टी रानात विखुरलेल्या असतात. एका झुडपावर चार कोंब, पुढच्या झाडाखाली दोन फळं. तिथं पन्नास जनावरांचा कळप गेला तर पहिल्या दोघांचंच पोट भरेल. म्हणून असे प्राणी एकेकटे किंवा जोडीनं राहतात, आपली हद्द राखतात आणि धोका दिसला की पळण्याऐवजी दडून बसतात.

मोठ्या जनावराचं उलटं. त्याला भरमसाट चारा लागतो, पण तो हलका असला तरी चालतो. त्याचं पोट म्हणजे मोठा रांजण. राठ गवत आत टाकलं की चार कप्प्यांत आंबवून, रवंथ करून ते जिरवतं. असं गवत माळावर एकसलग पसरलेलं असतं, तिथं हजार तोंडं एकदम चरू शकतात. माळावर लपायला जागा नाही. मग कळपात राहणं हेच संरक्षण. हजार जोड डोळे पहारा देतात आणि वाघ-सिंहाला एकच एक जनावर निवडणं अवघड जातं. अंग, चारा, जमीन आणि समाज या चार गोष्टी एका दोरीत अशा गुंफलेल्या आहेत.

आता हा नियम हातात धरून आफ्रिकेत एक चक्कर मारू. दाट रानात भेटतो ड्युइकर. या शब्दाचा मूळ डच अर्थ 'बुडी मारणारा'. चाहूल लागली की तो झुडपात अशी बुडी मारतो की दिसेनासा होतो. पुढून बुटका, मागून उंच, मान खाली, शिंगं आखूड आणि मागं वळलेली. म्हणजे काट्याझुडपात कुठं अडकायला नको. वर माकडं फळं खात-टाकत असतात आणि हा खाली ती वेचत असतो. कोरड्या काटेरी भागात डिकडिक राहतो, वजन तीन ते सहा किलो. त्याचं नाव त्याच्या धोक्याच्या शिट्टीवरून पडलं. नर-मादी जोडीनं राहतात आणि हद्दीवर ठरलेल्या जागी लेंड्यांचे ढीग करतात. आपल्याकडचा चौशिंगा आणि चिंकाराही असे ढीग करतात. रानात माग काढणाऱ्याला ही मोठी खूण असते.

खडकाळ टेकड्यांवर क्लिपस्प्रिंगर राहतो. तो खुरांच्या अगदी टोकांवर उभा राहतो, जणू पायाच्या अंगठ्यावर तोल धरलेली नर्तकी. दलदलीत सिटाटुंगा राहतो. त्याचे खूर लांबट आणि फाकणारे असल्यानं तो चिखलात रुतत नाही, आणि फारच जिवावर आलं तर नुसत्या नाकपुड्या वर ठेवून पाण्यात बुडून राहतो. काटेरी झुडपांच्या प्रदेशात लांब मानेचा जेरेनुक मागच्या दोन पायांवर उभा राहून उंचावरचा पाला खातो. शेळी बाभळीला पाय लावून उभी राहते ना, त्याच चालीनं, फक्त हा झाडाला पाय न टेकताही उभा राहू शकतो. वाळवंटात ओरिक्स राहतो. दुपारच्या उन्हात त्याच्या अंगाचं तापमान ४५ अंशांच्या आसपास जाऊ शकतं, तरी मेंदू थंड राहतो. नाकातल्या गार रक्ताच्या शेजारून मेंदूकडं जाणारं रक्त बारीक नळ्यांच्या जाळ्यातून जातं आणि जाता जाता थंड होतं.

आणि उघड्या गवताळ मैदानावर वाइल्डबीस्ट. टांझानिया आणि केनियाच्या सीमेवरच्या सेरेंगेटी भागात त्यांची संख्या बारा-तेरा लाखांच्या घरात आहे. पावसामागून, कोवळ्या गवताच्या शोधात ते दरवर्षी शेकडो किलोमीटरचा फेरा करतात. त्यांची बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांत एकदमच जन्मतात, काही मिनिटांत उभी राहतात आणि आईच्या मागं धावू लागतात. सिंह-तरसांनी किती खावीत? पोट भरतं, पण पिल्लं संपत नाहीत.

आता आफ्रिकेतून परत भोरला येऊ. महाडकडं उतरणाऱ्या वरंधा घाटाच्या अलीकडचं रान, रायरेश्वराची उतरण, राजगड-तोरण्याच्या पायथ्याची झाडी, वेल्ह्यातल्या देवराया. (वेल्हे तालुक्याचं नाव २०२४ साली राजगड तालुका झालं, पण बोलण्यात अजून वेल्हेच आहे.) इथं जे जनावर सहज भेटतं ते भेकर. संध्याकाळी दरीतून कुत्र्यासारखं भुंकणं ऐकू येतं, थांबून थांबून, कधी बराच वेळ. नवखा पाहुणा म्हणतो, "खाली वस्ती दिसतेय." गावचा माणूस हसतो. बिबट्याची चाहूल लागली की भेकर असं भुंकतं.

भेकराकडं नीट बघा. पुढून बुटकं, मागून उंच, मान खाली घालून चालणारं. शिंगं आखूड, केसाळ खुंटांवर बसलेली, मागं कललेली. एकटं राहतं. पडलेली फळं, कोंब, कोवळा पाला खातं. चाहूल लागली की झुडपात बुडी मारतं. हे वर्णन तुम्ही आत्ताच ऐकलं. ते आफ्रिकेतल्या ड्युइकरचं होतं! भेकर सारंग आहे, ड्युइकर कुरंग. दोघांची घराणी कोट्यवधी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. पण दाट रानाच्या जमिनीनं दोघांना एकाच साच्यात ओतलं. फरक शिंगात उरला: भेकर आपली शिंगं टाकतं, ड्युइकर टाकत नाही. शिवाय भेकराच्या नराला वरच्या जबड्यात बाहेर डोकावणारे दोन सुळे असतात. भांडणात तो शिंगांपेक्षा त्यांचाच जास्त वापर करतो.

या भेकराची एक गोष्ट तर जगभरच्या प्रयोगशाळांत प्रसिद्ध आहे. प्रत्येक प्राण्याच्या पेशीत आनुवंशिक गुण वाहून नेणारी गुणसूत्रं असतात. माणसाच्या पेशीत ती ४६ असतात. भेकराच्या मादीत फक्त ६ आणि नरात ७. सस्तन प्राण्यांत इतकी कमी गुणसूत्रं दुसऱ्या कुणाची नाहीत. त्याच्या जवळच्या नात्यातल्या चिनी भेकरात मात्र ती ४६ असतात. म्हणजे आपल्या भेकरात ती एकमेकांना जोडली जाऊन थोडी आणि लांबलचक झाली. वरंध्याच्या जाळीतून भुंकणारं हे जनावर म्हणजे शास्त्राचं एक मोठं कोडं आहे.

भोरमधून पूर्वेला निघालं की चित्र पालटतं. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावर पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो, तोच बारामतीला पोचेपर्यंत पाचशेच्या आसपास उरतो. अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर, म्हणजे एसटीनं एका दुपारचा प्रवास. झाडी विरळ होते, डोंगर बसके होतात, माळ सुरू होतो. आणि हरीणही बदलतं. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथं चिंकारा राहतो. खांद्यापाशी ६५ सेंटिमीटर उंच, रंग वाळल्या गवतासारखा. दोन-चारच्या टोळीनं फिरतो. पाणी न पिता बरेच दिवस काढतो, पाल्यातल्या ओलाव्यावर आणि दंवावर भागवतो. धोका दिसला की पाय आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो.

आणखी पूर्वेला, कर्जत तालुक्यात रेहेकुरी. हे अभयारण्य १९८० साली काळविटांसाठी जाहीर झालं, क्षेत्र सव्वादोन चौरस किलोमीटरही नाही. इथं कळप आहेत, मोकळं गवत आहे आणि वेग आहे. काळवीट ताशी ८० किलोमीटरपर्यंत धावू शकतं. त्याच्या मागं एकेकाळी चित्ता होता. कोल्हापूर संस्थानात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार केली जाई. भारतातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं. पाठलाग करणारा गेला, पण वेग काळविटाच्या पायांत राहिला. जाता जाता सांगतो, काळविटाचं शास्त्रीय नावच 'अँटिलोप' या शब्दावरून आहे. आफ्रिकेतल्या सगळ्या कुरंगांना ज्या इंग्रजी नावानं ओळखतात, ते नाव शास्त्राच्या वहीत आपल्या काळविटाच्या नावावर लागलेलं आहे.

म्हणजे बघा, दाट रानातलं एकटं भेकर, खुरट्या माळावरची चिंकाऱ्याची टोळी आणि गवतातला काळविटांचा कळप. जार्मननं आफ्रिकेत वाचलेला नियम आपल्याला भोर ते कर्जत एवढ्या वाटेवर वाचता येतो.

आता हे कळून करायचं काय, असं कुणीही विचारील. माझ्या दृष्टीनं तीन गोष्टींत याचा थेट उपयोग आहे.

पहिली गोष्ट पाडसाची. वाइल्डबीस्टचं पिल्लू जन्मताच आईमागं पळतं, असं मी म्हणालो. पण भेकर, सांबर, चिंकारा, काळवीट यांचं तसं नसतं. त्यांची आई पाडसाला गवतात, झुडपात दडवून लांब चरायला जाते आणि दिवसातून काही वेळाच दूध पाजायला येते. ती मुद्दामच जवळ थांबत नाही, कारण तिच्या वासावर आणि हालचालीवर लांडगा-बिबट्या पाडसापर्यंत पोचेल. पाडसाच्या अंगाला वास फार कमी असतो आणि ते दगडासारखं निपचित पडून राहतं. गवत कापताना, ऊस तोडताना असं पाडस दिसतं आणि माणसाचा जीव कळवळतो. "आई टाकून गेली बिचाऱ्याला," म्हणून ते उचलून घरी आणलं जातं. गाईचं दूध पाजलं जातं, हगवण लागते आणि बहुतेक पाडसं चार-आठ दिवसांत मरतात. भोर-वेल्ह्याच्या वाड्यांवर असं झालेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे. उचलणारी माणसं वाईट नव्हती, उलट मायाळूच होती. पण ती आई कुठंतरी दोनशे पावलांवर उभी राहून वाट बघत होती. पाडस दिसलं तर हात न लावता बाजूला व्हावं, कुत्री बांधावीत, तेवढा पट्टा त्या दिवशी कापायचा सोडावा. ते खरोखर जखमी असेल तरच वनखात्याला कळवावं. एवढी एक गोष्ट घरोघरी पोचली तरी कितीतरी पाडसं वाचतील.

दुसरी गोष्ट जमिनीची. सगळी हरणं म्हणजे एकच, अशी समजूत असली की त्यांची जमीनही एकच असं वाटू लागतं. मग सुप्याच्या माळावर दाट झाडं लावली म्हणजे हरणांवर उपकार केले, असं वाटतं. चिंकाऱ्याला आणि काळविटाला लांबवर नजर पोचणारा मोकळा माळ लागतो. तिथं झाडांची गर्दी केली की शत्रू दिसत नाही, गवत मरतं आणि चिंकारा निघून जातो. पण माळाला सरकारी दफ्तरात 'पडीक' म्हणायची सवय इंग्रजी अमलापासूनची, ती अजून गेलेली नाही. शिवाय भोरचा यात एक धागा आहे. वेळवंडी नदीवरचं भाटघर धरण आपल्या तालुक्यातलं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यानं बारामती-इंदापूरला गेलं, माळाचा ऊस झाला. ते वाईट झालं असं कुणीही म्हणणार नाही, हजारो घरं त्यावर उभी राहिली. पण भोरच्या पाण्यानं चिंकाऱ्याचा माळ आकसला, हेही खरं आहे. म्हणून जो माळ शिल्लक आहे, तो माळ म्हणूनच राहू द्यावा.

इकडं डोंगरात उलटी अडचण आहे. फाल्गुन-चैत्रात भोर-वेल्ह्याच्या उतारांवर वणवे दिसतात. जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं, अशी समजूत आहे. आगीनंतर हिरवे कोंब लवकर दिसतात हे खरं, पण खालची झुडपं, रोपं आणि पालापाचोळा जळतो. भेकर जगतं ते नेमकं त्या झुडपावर आणि पाल्यावर. मोठी झाडं उभी दिसतात म्हणून रान शाबूत आहे असं वाटतं, पण बुडी मारायला जाळीच उरली नाही तर भेकरानं दडायचं कुठं? त्यात आता डोंगरउतारांवर प्लॉट पडतात, जाळीची कुंपणं होतात, राखणीला कुत्री ठेवली जातात. भेकर बिबट्याला चुकवायला शिकलेलं आहे, पण चार कुत्री एकदम मागं लागली आणि पुढं कुंपण आलं तर त्याच्याकडं उपाय नाही. जमीन ज्याची त्याची, घर बांधायला कुणाची ना नाही. पण ओढ्याकाठची झाडी तेवढी राखावी, कुंपणात जनावर जाईल अशी वाट ठेवावी, कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधावा, रात्री कुत्री मोकळी सोडू नयेत. देवराईला आपल्या पूर्वजांनी कुऱ्हाडबंदी केली होती. त्या राया आज भेकराचं घर आहेत.

तिसरी गोष्ट गुरांची. सेरेंगेटीतल्या वाइल्डबीस्टची संख्या १९६०च्या सुमारास अडीच-तीन लाखांच्या आतबाहेर होती. कारण होतं बुळकांडी. हा गुरांचा रोग आपल्या जुन्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो गुरांबरोबर पूर्व आफ्रिकेत पोचला. गाई-बैल तर मेलेच, पण त्यांच्या नात्यातले कुरंगही लाखोंनी मेले. पुढं गुरांना लस टोचली गेली. वाइल्डबीस्टला कुणी सुई लावली नव्हती, पण गुरं सुधारली तशी रानातली साथ थांबली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत त्यांची संख्या तेरा लाखांच्या पुढं गेली. २०११ साली बुळकांडी जगातून संपल्याचं जाहीर झालं. एका गाईच्या दंडावर टोचलेल्या लसीनं रानातला कळप वाचतो, याचं एवढं मोठं उदाहरण दुसरं नाही. लाळ्या-खुरकूत हा रोगही असाच गुरांकडून रानातल्या खूरवाल्या प्राण्यांकडं जाऊ शकतो. डोंगरात गुरं चरायला सोडणाऱ्यांनी लस वेळेवर टोचून घेतली, तर गोठा वाचतो आणि भेकर-सांबरही वाचतं.

शेवटी कायद्याचंही सांगायला हवं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं या सगळ्या प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. रानात पडलेलं सांबरशिंग हौसेनं घरी आणून भिंतीवर लावणं हाही गुन्हा होऊ शकतो. ते तिथंच राहू द्यावं, साळिंदराला त्याची आपल्यापेक्षा जास्त गरज आहे.

आपल्या भाषेत 'हरीण' हा शब्द मायेनं वापरला जातो, आणि ती माया खरीच आहे. पण नुसती माया पुरत नाही. शेतकऱ्याला जर्सी आणि खिलार यांत फरक कळतो, म्हणून तो दोघींना वेगळं वागवतो. रानातल्या जनावरांबाबतही तसंच आहे. ज्याला जाळी लागते त्याची जाळी जाळू नये, ज्याला माळ लागतो त्याच्या माळावर जंगल उभं करू नये, आणि ज्याची आई दूर उभी आहे त्याला उचलू नये. यंदा पावसाळा सरल्यावर राजगडाच्या नाहीतर रायरेश्वराच्या वाटेनं गेलात आणि झाडीतून भुंकणं ऐकू आलं, तर तिथंच दोन मिनिटं गप्प उभे राहा. ते भेकर बहुधा दिसणार नाही. न दिसणं हेच त्याचं जगणं आहे.